वासाहतिक कायद्याची उत्प्रेक्षा आणि मराठी समीक्षा

‘संहिता’ हा शब्द मराठी समीक्षेत इतका रुळला आहे की त्याला दुसराही एक अर्थ आहे, याचा तिला विसर पडला आहे. कवितेची संहिता, संहितेची संरचना, संहिता आणि वाचक यांचे नाते, ही चर्चा गेली काही दशके अखंड चालू आहे. मात्र १ जानेवारी १८६२ पासून ३० जून २०२४ पर्यंत जी संहिता या देशातील माणसांच्या देहावर, मालमत्तेवर आणि वाणीवर अंमल गाजवीत होती, त्या दंडसंहितेचे संहिता म्हणून वाचन करावे, असे वसाहतवादाविषयी हिरिरीने लिहिणाऱ्या समीक्षकांना क्वचितच वाटले. मेकॉलेचे नाव निघाले की १८३५ चे शिक्षणविषयक टिपण पुढे येते. त्याच मेकॉलेच्या नेतृत्वाखालील विधि आयोगाने १८३७ मध्ये दंडसंहितेचा मसुदा सिद्ध केला, ही गोष्ट उल्लेखिली गेलीच तर तळटीपेत.

हे दुर्लक्ष योगायोगाचे नाही. देशीवादी विचारव्यूह घ्या किंवा सैद यांच्या १९७८ मधील ‘ओरिएंटॅलिझम’पासून प्रेरणा घेणारा वसाहतोत्तर विचारव्यूह घ्या, मराठीत या दोहोंचे एका बाबतीत एकमत दिसते. वसाहतवाद मुख्यतः ग्रंथातून, शाळेतून आणि अभिरुचीतून आला आणि मराठी समाज हे त्याचे केवळ भक्ष्य होते, हे ते एकमत होय. हे अर्धसत्य आहे. कायद्याच्या प्रवासाचा मार्ग तपासला की उरलेले अर्धे दिसू लागते, आणि ते फारसे सुखद नाही.

साम्राज्याला प्रत्येक नव्या प्रदेशासाठी नवा कायदा करण्याची गरज पडत नसे. एका ठिकाणी केलेला कायदा दुसऱ्या ठिकाणी ‘लागू’ करण्याची युक्ती त्याने पूर्णत्वास नेली होती. १८९० च्या परकीय अधिकारितेसंबंधीच्या ब्रिटिश अधिनियमाने असे ठरविले की, परदेशी भूमीवर राजसत्तेला जी अधिकारिता मिळालेली असेल ती, जणू तो प्रदेश जिंकून वा तहाने मिळविला असावा, अशा प्रकारे वापरता येईल. या सूत्राचा विनियोग कसा होई, हे १८९७ च्या पूर्व आफ्रिकेविषयीच्या राजाज्ञेत दिसते. आज ज्याला केनिया म्हणतात त्या प्रदेशात हिंदुस्थानची फौजदारी प्रक्रिया संहिता आणि न्यायदानविषयक अन्य अधिनियम, तो प्रदेश जणू मुंबई इलाख्यातील एक जिल्हा असावा, अशा रीतीने अंमलात यावेत, असे तेथे म्हटले आहे. झांझिबार येथील ब्रिटिश न्यायालयातील अपिले तर मुंबईच्या उच्च न्यायालयापुढे येत. १८३९ मध्ये घेतलेल्या एडनचा कारभार १९३२ पर्यंत मुंबईहूनच चाले.

अलंकारशास्त्र शिकलेल्या कोणाही वाचकाच्या लक्षात येईल की, येथे राज्य करीत आहे ती उत्प्रेक्षा. ‘जणू’, ‘गमे’, ‘भासे’ हे तिचे वाचक शब्द आपण विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतो. काव्यातील उत्प्रेक्षेत उपमेय आणि उपमान यांतील भेद कवी आणि रसिक या दोघांनाही ठाऊक असतो. त्या जाणिवेतूनच सौंदर्य निर्माण होते. कायद्यातील उत्प्रेक्षाही भेद जाणते. मोंबासा म्हणजे ठाणे नव्हे, हे राजाज्ञा लिहिणाऱ्याला पक्के माहीत असते. परंतु तो भेद जाणूनच रद्द करतो आणि रद्द करण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवतो. शासकीय मराठीत यासाठी ‘असल्याचे मानण्यात येईल’ अशी एक निर्विकार शब्दयोजना आहे. कोणी मानायचे, याचा कर्ता त्या वाक्यात नाही. कर्मणी प्रयोगाचा असा राजकीय उपयोग ज्या समीक्षेला दिसत नाही, तिने निवेदकाच्या स्थानाविषयी कितीही सूक्ष्म चर्चा केली तरी ती अपुरीच म्हटली पाहिजे.

या उत्प्रेक्षेचे परिणाम अलंकारिक नव्हते. १८९४ चा हिंदुस्थानातील भूसंपादन अधिनियम पूर्व आफ्रिकेत नेण्यात आला आणि रेल्वेसाठी जमीन घेण्याच्या कामी आला. तोच अधिनियम मुळशी पेट्यातील मावळ्यांच्या जमिनी टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी घेताना वापरला गेला, आणि त्याविरुद्ध १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह उभा राहिला. सेनापती बापटांचे नाव त्यामुळे मराठी मनात कोरले गेले. मुळशीची कथा आपण आपल्या वेदनेची कथा म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच कायद्याचा दुसरा दस्त समुद्रापलीकडे मुंबईच्या नावाने फिरत होता, हे वाचनातून गळते. मुंबई ही केवळ वसाहत नव्हती. ती वसाहतीची उपराजधानीही होती. ‘आम्ही’ या सर्वनामाची वसाहतोत्तर मांडणी करणाऱ्यांनी या दुहेरी स्थानाचा हिशेब दिलेला नाही.

समुद्रापलीकडे पाहणे दूरचे वाटत असेल, तर सातपुड्याकडे पाहावे. १८७४ च्या अनुसूचित जिल्ह्यांविषयीच्या अधिनियमाने सामान्य कायद्याच्या कक्षेबाहेरील प्रदेशांची एक यादी केली. ब्रिटिश हिंदुस्थानात कोठेही अंमलात असलेला कोणताही अधिनियम या प्रदेशांना केवळ राजपत्रातील अधिसूचनेने लागू करण्याची मुभा प्रांतिक सरकारांना वरिष्ठांच्या पूर्वसंमतीने मिळाली; पुढे त्यात निर्बंध आणि फेरफार करण्याची सोयही आली. विधिमंडळ नाही, चर्चा नाही, केवळ एक अधिसूचना. मुंबई इलाख्याच्या यादीत सिंध होता, पंचमहाल होता, एडन होते, आणि त्यांच्याच शेजारी खानदेशातील मेवासी सरदारांची गावे होती: काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली, नवलपूर. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेले बंदर आणि सातपुड्यातील भिल्लांची वस्ती एका परिशिष्टात शेजारी बसली, ती भूगोलामुळे नव्हे. दोन्ही ठिकाणी कायदा ‘करायचा’ नव्हता, ‘न्यायचा’ होता, एवढेच त्यांच्यातील साम्य.

या व्यवस्थेमुळे आदिवासींचे रक्षण झाले, सावकाराचा आणि दिवाणी न्यायालयाचा फास त्यांच्यापासून दूर राहिला, असे एक समर्थन केले जाते. त्यात तथ्यांश आहे. मात्र ज्याच्या हाती न लावण्याचा अधिकार असतो त्याच्याच हाती लावण्याचाही असतो. संरक्षण आणि संमती या भिन्न गोष्टी आहेत. पहिली मिळाली म्हणून दुसरीची उणीव भरून निघत नाही.

स्वातंत्र्याने ही पद्धती संपविली असती तर हा विषय इतिहासकारांवर सोपविता आला असता. तसे झाले नाही. १९१२ चा दिल्ली कायदे अधिनियम, अजमेर-मेरवाड्याविषयीचा १९४७ चा आणि ‘क’ वर्गातील राज्यांविषयीचा १९५० चा अधिनियम, या तिन्हींतील विस्ताराच्या अधिकाराची वैधता १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आली. सात न्यायमूर्तींनी सात स्वतंत्र मतपत्रे लिहिली. तेथे प्रचलित असलेला कायदा रद्द करण्याचा वा बदलण्याचा जो अधिकार १९५० च्या अधिनियमाने कार्यकारी सत्तेला दिला होता, तेवढा बहुमताने अवैध ठरला. फेरफारांसह कायदा नेण्याची युक्ती मूलतः टिकली. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत राज्यपालांना दिलेला अधिकारही त्याच व्याकरणात लिहिलेला आहे. १९९६ च्या पेसा अधिनियमाच्या नावातच ‘विस्तार’ हा शब्द आहे. ग्रामसभेला अधिकार देण्यासाठी तोच जुना प्रयोग उलट्या दिशेने वापरला गेला, हे या अधिनियमाचे श्रेय. परंतु मुक्तीची भाषाही विस्ताराच्या भाषेतूनच बोलावी लागली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

गोमंतकाचे उदाहरण वेगळ्या बाजूने बोलके आहे. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता १ जुलै १८७० पासून तेथे लागू झाली; हिंदूंच्या काही रूढींना १८८० मध्ये अपवाद म्हणून जागा देण्यात आली. पुढे पोर्तुगालने १९६६ मध्ये नवी संहिता केली. तोपर्यंत गोवा मुक्त झाला होता. परिणामी मायभूमीत मृत झालेला कायदा कुटुंब आणि वारसा यांच्या क्षेत्रात गोव्यात जिवंत राहिला. विस्तारित कायदा मूळ कायद्याची सावली असतो हा समज येथे कोसळतो. वृक्ष पडला, सावली राहिली.

कलमांचा कीस काढणे हे वकिलांचे काम, समीक्षेचे नव्हे, असा आक्षेप येईल. पण कलमे भाषेत लिहिलेली असतात आणि भाषेत मुरतातही. दंडसंहिता गेली, ‘चारसोबीस’ राहिला. जो शब्द गावातल्या पारावर टिकतो आणि ज्याचे मूळ १८६० च्या एका अधिनियमात आहे, त्याचा विचार भाषेच्या अभ्यासकांनी करायचा नाही तर कोणी? आणि ‘जणू’ या अव्ययाने प्रदेशच्या प्रदेश ताब्यात येत असतील, तर त्या अव्ययाचा अभ्यास कायदेपंडितांवर सोपविणे हा विनय नसून पळवाट आहे.

यापेक्षा अडचणीचा मुद्दा समीक्षेच्या स्वतःच्या व्यवहाराचा आहे. परदेशी विद्यापीठांत घडलेला सिद्धान्त मराठी कादंबरीला ‘लावला’ जातो, तेव्हा क्रियापद तेच असते. दलित साहित्य, ग्रामीण साहित्य आणि विशेषतः आदिवासी साहित्य यांना वाङ्मयेतिहासात जी प्रकरणे मिळतात, ती बहुधा शेवटी, परिशिष्टासारखी येतात. प्रस्थापित निकष त्यांना ‘आवश्यक त्या फेरफारांसह’ लागू केले जातात. हे साहित्य जणू मुख्य प्रवाहाचा एक जिल्हा असावे! भिली वा पावरी बोलीतील गीताकडून निकष घेण्याची वेळ आली की मात्र अधिसूचना निघत नाही. त्या दिशेने विस्ताराची तरतूदच नाही.

वसाहतवादविरोध हा केवळ इंग्रजीविषयीच्या रागातून वा केवळ संज्ञांच्या आयातीतून सिद्ध होत नाही. कोणाचा नियम कोणावर, कोणाच्या संमतीने आणि कोणत्या शब्दाच्या बळावर चालतो, हा प्रश्न ज्या समीक्षेला स्वतःलाही विचारता येत नाही, तिने ‘वसाहतोत्तर’ हे विशेषण धारण करण्याची घाई करू नये. काठीच्या माणसाने १८७४ ची ती यादी पाहिली नव्हती. मराठी समीक्षेने आपली यादी तरी त्याला दाखवावी, आणि ती कोणी केली तेही सांगावे.