बाबागाडी आणि तीन पायऱ्या

आमच्या लहानपणी वडगावात आमच्या माहितीत एकाच घरी बाबागाडी होती. वेताची, मोठ्या चाकांची. ती बघायला आम्ही मुले मुद्दाम त्या गल्लीतून शाळेला जायचो. तिच्यात बाळ कधी दिसले नाही, पापडाचे डबे मात्र दिसायचे. घरातले मूल कोणाच्या तरी कडेवर असणारच, हे इतके गृहीत होते की त्यासाठी गाडी कशाला, असेच सर्वांना वाटे. मी स्वतः आक्काच्या कडेवर वाढलो. ती माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. मला कडेवर घेऊन ती विहिरीवर जायची, दळण आणायची आणि अभ्याससुद्धा करायची म्हणे.

गेल्या वर्षी बाबागाडी आमच्या घरात आली. आक्काची लेक, म्हणजे माझी भाची, बेंगळूरला नोकरीला आहे. जावई धारवाडचे. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात ती शहापूरला आली आणि तिच्या मागोमाग एक भला मोठा खोका आला. जावयांच्या ऑफिसातल्या मित्रांनी मिळून दिलेली भेट. परदेशी कंपनीची गाडी, किंमत ४२ हजार. आक्का म्हणाली, "एवढ्यात माझ्या लग्नाचं जेवण झालं होतं की! वर चार पैसे उरलेसुद्धा."

माझा विषय मराठी. तरीही घरातला शिकलेला माणूस म्हणून जोडणीचे काम माझ्याकडे आले. पुस्तिका अकरा भाषांत होती. मराठी नाही, कन्नडही नाही. या एका तक्रारीवर सीमाभागात संपूर्ण एकमत झाले असते.

गाडी खोटी नव्हती, हे आधी सांगतो. तान्ह्या बाळाला मान सावरता येत नाही, म्हणून पहिले काही महिने पाठ सपाट ठेवणारी गाडी लागते. हिची पाठ पूर्ण आडवी होत होती. दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक पायांमधून असे पाच पट्टे होते. चाकांना स्प्रिंगा होत्या. कापड काढून धुता येत होते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ही चैन नव्हे, गरज आहे. शिवाय बैठक उलटी फिरवली की बाळाचे तोंड आपल्याकडे. याचा उपयोग मला नंतर समजला. २००८ साली स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाच्या डॉ. सुझॅन झीडिक यांनी केलेल्या पाहणीत, बाळ गाडी ढकलणाऱ्याकडे तोंड करून बसलेले असेल तर त्याच्याशी दुपटीहून जास्त वेळा बोलले जाते, असे आढळले होते. ज्या घरात आईकडची आजी मराठीत आणि वडिलांकडची अज्जी कन्नडमध्ये बोलणार, तिथे हा मुद्दा लहान नाही.

बारशाला धारवाडच्या विहीणबाई आल्या. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, दांडा हलवून पाहिला, मग दारातून बाहेर गल्लीकडे बघितले आणि म्हणाल्या, "गाडी छलो ऐती. आद्र रस्ता येल्लैती?" गाडी झकास आहे, पण रस्ता कुठाय? सगळे हसले. मीही हसलो. पण चाळीस हजारांच्या वस्तूची इतकी नेमकी परीक्षा मला पुस्तिका दोनदा वाचूनही करता आली नव्हती.

आक्काचे घर जुने. दाराला दगडी उंबरा, खाली तीन पायऱ्या, मग गटारावरच्या फरशा आणि मग उताराची गल्ली. गाडीचे वजन साडेबारा किलो. आक्काच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली, वजन उचलू नका असे डॉक्टरांनी बजावलेले. दाजी गेल्यापासून ती एकटीच असे. घर कितीतरी दिवसांनी भरले होते. संध्याकाळी नातीला घेऊन कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत जावे, चार ओळखीच्या बायकांना बाळ दाखवावे, एवढीच तिची हौस. सबंध घराला कडेवर वाढवलेल्या बाईला नातीला कडेवर घेऊन देवळापर्यंत चालता येत नव्हते. तेव्हा ही गाडी म्हणजे तिला गेलेली कड परत मिळाल्यासारखे वाटले. फक्त ती पायऱ्यांवरून उतरवायला रोज कोणीतरी लागे. मी कॉलेजातून साडेपाचला येईपर्यंत ती पातळ बदलून, बाळाला कुंची घालून दारात बसलेली असे.

बाळ चौथ्या महिन्यात असताना एकाएकी हे थांबले. "पाय दुखतोय," ती म्हणाली. आठ दिवस तेच. शेवटी समोरच्या मागावरच्या काकांनी मला बाजूला घेऊन सांगितले. त्या दिवशी मला उशीर झाला, तेव्हा आक्काने रिकामी गाडी एकेक पायरी करत स्वतःच खाली घेतली, बाळाला आणून ठेवले, पट्टे लावले आणि निघाली. पुढचे चाक फरशीच्या फटीत अडकले. ते सोडवायला तिने दांडा सोडला आणि वाकली. चाक सुटले, आणि उतारावर गाडीही सुटली. काका मागावरून उठून धावले. चार-पाच पावलांवर त्यांनी गाडी धरली. बाळ झोपेतच होते. आक्का मात्र पायरीवर बसून राहिली आणि 'घरात सांगू नका' म्हणाली.

मी तिला विचारले, "आक्का, ब्रेक का लावला नाहीस?" तिने उत्तर न देता चप्पल घातली आणि करून दाखवले. ब्रेक लावायला मागची पट्टी पायाने दाबायची आणि काढायला तीच पट्टी अंगठ्याने वर उचलायची. माझ्या बुटाला काहीच वाटले नव्हते. तिच्या उघड्या अंगठ्याला ती लागत होती आणि गुडघ्यातून कळ येत होती. म्हणून ती ब्रेक लावायचेच टाळत होती. गाडी घेतली मित्रांनी, पुस्तिका वाचली मी आणि चालवणार होती आक्का. तिला कोणी काही विचारलेच नव्हते.

मी भाचीला सांगितले. आईने लपवले म्हणून ती आधी रागावली, मग गप्प झाली. रात्री म्हणाली, "मामा, ही गाडी मी बेंगळूरला नेते. तिथे लिफ्ट आहे, आत गुळगुळीत रस्ते आहेत. आईला तिची वेगळी घेऊ. पण ती आईच निवडेल."

खडेबाजारात आम्ही चार दुकाने फिरलो. दुकानदार कापडाचा रंग दाखवत होते, आक्का ब्रेक दाबून बघत होती. तिसऱ्या दुकानात तिला हवा तसा ब्रेक मिळाला, लावताना आणि काढतानाही वरूनच दाबायचा. गाडीचे वजन सहा किलो, किंमत नऊ हजार. छत्रीसारखी मिटते, रिक्षात पायांपाशी मावते. या घडीची कल्पना इंग्लंडच्या ओवेन मॅक्लॅरेन यांची. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या जोडणीवर काम केलेले हे अभियंते. नातीची जड गाडी बघून त्यांनी १९६५ साली ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, तीन किलोंच्याही आतली गाडी तयार केली. म्हणजे मूळ काळजी आजोबांचीच!

हलक्या गाडीचे तोटेही आहेत. हिची पाठ पुरती आडवी होत नाही, त्यामुळे बाळाची मान नीट धरेपर्यंत आम्ही थांबलो. बैठक उलटी फिरत नाही, म्हणून आक्का दर दहा पावलांनी थांबून पुढे जाते आणि नातीशी बोलते, अर्थात ब्रेक लावून. दांड्याला भाजीची पिशवी अडकवली तर गाडी मागे कलंडते, म्हणून पिशवी नेहमी खालच्या जाळीत. उन्हासाठी वरून कापड टाकून गाडी झाकायची नाही, आत हवा कोंडून उकडते. घडी घालताना मूल दूर हवे. २००९ साली बिजागरीत मुलांची बोटे सापडून तुटल्याच्या तक्रारींमुळे अमेरिकेत मॅक्लॅरेनच्याच सुमारे दहा लाख गाड्यांची बिजागरे झाकावी लागली होती. आणि दांड्याला भाचीने एक जाड नाडी शिवून दिली आहे. उतारावर ती आक्काच्या मनगटात असते.

भाचीची २६ आठवड्यांची रजा संपली, मोठी गाडी बेंगळूरला गेली. तिथे ती खरोखरच छान चालते, मी स्वतः ढकलली आहे. छोटी शहापुरात दाराआड असते आणि सुट्टी जवळ आली की आक्का तिची चाके पुसून ठेवते. गेल्या खेपेला विहीणबाईही आल्या होत्या. दोघी मारुतीला निघाल्या, एक मराठीत आणि एक कन्नडमध्ये बाळाला तीच म्हैस दाखवत. फटीची फरशी आली तशी आक्का थांबली, ब्रेक दाबला, पुढचे चाक उचलून पलीकडे ठेवले, मग निघाली. मी दारातून बघत होतो. मला कोणी बोलावले नाही.

तुमच्या घरी बाबागाडी घ्यायची असेल तर महाग की स्वस्त हे नंतर ठरवा. जे माणूस ती रोज ढकलणार आहे आणि ज्याच्या अंगात घरात सर्वांत कमी बळ आहे, त्याला दुकानात सोबत न्या. नेहमीच्याच चपला घालून न्या. त्याला गाडी मिटवू द्या, उचलू द्या, ब्रेक लावून काढू द्या. आणि निघण्यापूर्वी आपल्या दारच्या पायऱ्या एकदा मोजा.