तक्रारीची किंमत

ग्राहक हा बाजारपेठेचा राजा आहे, असे वाक्य वर्षानुवर्षे वर्गांतून शिकवले जात आहे. परंतु या राजाचे राजेपण तो वस्तू विकत घेतो तेव्हा सिद्ध होत नाही. ती वस्तू सदोष निघाली म्हणजे त्याचे गाऱ्हाणे कोण ऐकतो, यावरून ते ठरते. ही कसोटी लावली, तर इंटरनेटवरून चालणाऱ्या आजच्या व्यापारात हा राजा दरबाराबाहेर तिष्ठत उभा असलेला अर्जदार झाला आहे, असेच म्हणावे लागेल.

पादत्राणांचे उदाहरण घ्यावे. पुस्तक न पाहता मागवता येते. जोडा मात्र पायात घातल्याखेरीज त्याची पारख होत नाही. आपल्याकडे रूढ असलेल्या इंग्लिश मापात एका क्रमांकापासून पुढचा क्रमांक एक तृतीयांश इंचाने मोठा असतो. हा आकडा लांबी सांगतो. पावलाच्या रुंदीविषयी तो मुका असतो. अमेरिकी व युरोपीय मापांचे आकडे पुन्हा निराळेच. दुकानात ही अडचण दोन मिनिटांत सुटते. पडद्यावरील दुकानात ती परतीच्या व्यवस्थेवरच सोपवावी लागते. तेव्हा माल परत घेण्याची सोय हे येथे विक्रेत्याचे औदार्य नसून व्यवहाराचे अविभाज्य अंग आहे.

या सोयीचे प्रत्यक्ष स्वरूप कसे असते, हे प्रस्तुत लेखकाने अलीकडेच अनुभवले. एका संकेतस्थळावरून मागवलेल्या जोडातील डावा बूट आठ क्रमांकाचा, तर उजवा नऊ क्रमांकाचा निघाला. माल परत नेण्यासाठी आलेल्या तरुणाने दोन्ही बूट पाहिले आणि सांगितले, की दोन्हींवर सारखा क्रमांक असल्याखेरीज त्याच्या हातातील यंत्र माल स्वीकारूच देत नाही. ज्या दोषासाठी माल परत करावयाचा, तोच दोष परतीच्या आड आला! सायंकाळी संदेश आला, की ग्राहकाने माल न दिल्यामुळे विनंती रद्द झाली आहे. पुढील तीन आठवडे दूरध्वनीवर गेले. प्रत्येक वेळी नवा कर्मचारी, नवी दिलगिरी आणि पहिल्यापासून सांगावयाची तीच कहाणी. संकेतस्थळ विक्रेत्याकडे बोट दाखवी, विक्रेता वाहतूकदाराकडे. कायद्यातील तरतुदीचा उल्लेख करून लेखी तक्रार धाडली, तेव्हा कुठे 1,899 रुपये परत आले. नवे जोडे मिळवताना जुने झिजले नाहीत एवढेच. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, अशी गत मात्र झाली.

यात त्या तरुणाचा किंवा दूरध्वनीवरील कर्मचाऱ्याचा दोष नाही. नेमून दिलेल्या वाक्यांपलीकडे बोलण्याचा अधिकारच त्यांना दिलेला नसतो. समारंभात मिरवून झालेले बूट परत पाठवणारे महाभागही असतात. तेव्हा विक्रेत्याने माल तपासून घ्यावा, हेही रास्तच. प्रश्न तपासणीचा नसून हिशेबाचा आहे. समजा, शंभर तक्रारदारांपैकी साठ जण कंटाळून गप्प बसले, तर त्या साठ जणांचे पैसे विक्रेत्याच्या पदरात पडतात. तक्रार ऐकण्यास माणसे नेमावी लागतात, ती न ऐकण्यास काहीच लागत नाही. तक्रारीचा खर्च असा अलगद ग्राहकाच्या माथी मारला जातो. तो वस्तूच्या छापील किमतीत कोठेही दिसत नाही आणि वेळेची सर्वांत अधिक चणचण असलेल्या माणसालाच तो सर्वांत जड जातो.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ या ग्रंथात असंतुष्ट ग्राहकापुढील दोन मार्ग सांगितले : निघून जाणे किंवा आवाज उठवणे. कोपऱ्यावरच्या दुकानदाराचे एक गिऱ्हाईक तुटले, की सारी आळी ते जाणते. देशभर ग्राहक असलेल्या विक्रेत्याला एकाचे जाणे जाणवतही नाही, आणि आवाज उठवावा तर समोर यंत्र. दोन्ही मार्ग असे एकाच वेळी बोथट झाले आहेत.

कायदा नाही, असे नव्हे. पुण्यात 1974 मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. 1986 मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याची जागा 2019 च्या नव्या कायद्याने घेतली. ई-व्यापारासाठी 2020 मध्ये केलेल्या नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच आणि एका महिन्यात निवारण दिले पाहिजे. सदोष माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे दाद मागता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क लागत नाही. 1915 हा मदतीचा क्रमांकही आहे. तथापि हे सारे ज्याला ठाऊक आहे आणि चिकाटी ज्याच्यापाशी आहे, त्याच्याच उपयोगाचे. दोन हजार रुपयांसाठी आयोगाची पायरी चढणारा विरळाच, हे विक्रेताही जाणतो.

मग उपाय कोणता? विक्रेते किमतीबाबत एकमेकांशी झुंजतात, कारण किंमत पडद्यावर सर्वांना दिसते. सेवेबाबत ते झुंजत नाहीत, कारण सेवा कोणालाच दिसत नाही. तेव्हा किती तक्रारी आल्या, किती महिन्याभरात मिटल्या आणि किती ग्राहकाच्या संमतीवाचून बंद केल्या, हे आकडे प्रत्येक विक्रेत्याने वस्तूच्या किमतीशेजारीच जाहीर करावेत, असे बंधन शासनाने घालावे. आकडे खरे आहेत की नाहीत, हे त्रयस्थाने तपासावे. त्यासाठी नवे खाते नको, की नवा आयोग नको. संकेतस्थळाला प्रत्येक तक्रारीस क्रमांक द्यावाच लागतो. तेव्हा नोंदी आहेतच, फक्त त्या विक्रेत्याच्या कपाटात बंद आहेत.

शिक्षकांनाही येथे काम आहे. मागणी-पुरवठ्याच्या आकृत्या काढणाऱ्या विद्यार्थ्याला पावती जपून ठेवणे आणि चार ओळींची नेमकी तक्रार लिहिणे हेही शिकवले पाहिजे. गप्प बसणारा प्रत्येक ग्राहक आपलेच पैसे सोडतो असे नव्हे, तर पुढच्या ग्राहकाला गप्प बसवणे विक्रेत्याला अधिक स्वस्त करून ठेवतो.