आधी तार तपासा
इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात बनलेल्या एमजीबी स्पोर्ट्‌स कारचा पेट्रोलचा काटा चुकू लागला, की मालक थेट नवा सेंडर, म्हणजे टाकीतला पातळी मोजणारा भाग, मागवतात. ही घाई मला पटत नाही. सेंडरचा फ्लोट पेट्रोलच्या पातळीबरोबर वरखाली होतो आणि त्याच्या दांड्याचा संपर्क रोधक तारेच्या वेटोळ्यावर सरकतो. टाकी भरली की रोध कमी, काटा वर. म्हणून टाकी बंद असतानाच, इग्निशन चालू ठेवून, सेंडरची तार सोडवा आणि क्षणभर बॉडीला टेकवा. काटा पूर्ण वर गेला, तर मीटर आणि वायरिंग शाबूत आहे; दोष सेंडरमध्ये, नाहीतर त्याच्या गंजलेल्या अर्थिंगमध्ये (अर्थिंग नुसत्या सँडपेपरनेही सुधारते). फ्लोटला भोक पडून त्यात पेट्रोल शिरले, तर भरल्या टाकीतही काटा तळालाच राहतो. नवा सेंडर घातलाच, तर दांडा किंचित वाकवून काटा रिकाम्या टोकाला जुळवावा, कारण गाडी रस्त्यात उभी करते ती खालची चूक. सेंडर टाकीच्या बाजूला असतो, तेव्हा आधी बॅटरी सोडवा, पेट्रोल उपसा आणि सेंडर धरून ठेवणारी लॉक रिंग पितळी पट्टीनेच ठोका. लोखंडाची ठिणगी इथे जिवावर बेतेल.