पाच सेकंदांचा न्याय

क्रीडांगणावर सर्वांत कमी कौतुक जर कोणाच्या वाट्यास येत असेल, तर ते पंचाच्या. जिंकणारा संघ यशाचे श्रेय स्वतःच्या कौशल्यास देतो आणि हरणारा संघ अपयशाचे खापर पंचाच्या माथी फोडतो. या पंचाच्या अनेक कामांपैकी एक काम असे आहे की, त्याकडे प्रेक्षकांचे लक्ष क्वचितच जाते. परंतु खेळातील न्याय मात्र त्यावर पुष्कळसा अवलंबून असतो. ते काम म्हणजे सेकंद मोजणे. बास्केटबॉलच्या खेळाचे उदाहरण घेऊन या साध्या दिसणाऱ्या कामाचे महत्त्व विद्यार्थिमित्रांपुढे मांडावे, असा या लेखाचा हेतू आहे.

जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ सुरू केला. त्याचे मूळ नियम अवघे तेरा. पण सीमेबाहेर गेलेला चेंडू पाच सेकंदांच्या आत फेकला पाहिजे, हे बंधन त्या तेरांतही होते. आज ही बंधने वाढली आहेत. प्रतिपक्षाच्या बास्केटखालच्या आखीव क्षेत्रात आक्रमक खेळाडूने सलग तीन सेकंदांहून अधिक काळ रेंगाळू नये. मुक्त फेक पाच सेकंदांच्या आत घ्यावी. प्रतिस्पर्ध्याने अगदी निकट येऊन अडविले असता हाती धरलेल्या चेंडूची पाच सेकंदांत वाट लावावी. आपल्या अर्ध्या मैदानातून चेंडू आठ सेकंदांत पुढे न्यावा आणि चोवीस सेकंदांत बास्केटवर फेकावा. यांपैकी चोवीस सेकंदांसाठी मोठ्या सामन्यांत विजेवर चालणारे घड्याळ असते. तीन आणि पाच सेकंद मात्र पंचालाच मनाशी मोजावे लागतात.

आणि मोजावयाचे ते कोणत्या स्थितीत? पंच स्वतः धावत असतो. त्याची दृष्टी चेंडूवर, खेळाडूंच्या पायांवर आणि हातांच्या धक्क्यांवर खिळलेली असते. घड्याळाकडे पाहण्यास त्याला उसंत नसते. बरे, नाडीच्या ठोक्यांवर विसंबावे, तर धावणाऱ्या माणसाची नाडी विश्रांतीच्या दुप्पट वेगाने उडू लागते. सामना जसा रंगतो, तसे मनही घाईला येते आणि आकडे एकमेकांच्या पाठीवर पडू लागतात. म्हणून जाणते पंच दोन उपाय योजतात. पहिला असा की, केवळ ‘एक, दोन’ असे न म्हणता ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असे मनात म्हणावयाचे. त्या शब्दांना साधारण एकेक सेकंद लागतो. दुसरा उपाय म्हणजे हात ठरावीक लयीने हलवीत सर्वांना दिसेल असे मोजणे. या हाताच्या हालचालीमुळे खेळाडूला आपला किती वेळ उरला ते कळते आणि पंचाच्या मोजणीला सारे मैदान साक्षी राहते. जो उघड मोजतो, त्याला मनात दोन आकडे गाळता येत नाहीत.

पंचाने घाईने मोजले आणि त्याचे पाच आकडे चार सेकंदांतच संपले, तर काय झाले? खेळाडूच्या हक्काचा पाचवा हिस्सा त्याच्याकडून हिरावून घेतला गेला. एका संघासाठी पाच आकडे चार सेकंदांत आणि दुसऱ्यासाठी सहा सेकंदांत मोजणारा पंच तर, शिटी न वाजविताही, सामन्याचा निकाल फिरवू शकतो. बाजारात वजनमाप खोटे निघाले तर आपण संतापतो. वेळेचे मापही तितकेच खरे असावयास नको काय?

यावर कोणी म्हणेल की, यंत्रे आणा म्हणजे वाद मिटला. यंत्रे अवश्य यावीत. परंतु यंत्रामागेही माणूसच उभा असतो. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधील अंतिम सामना आठवा. तीन सेकंद उरले असताना अमेरिका ५० विरुद्ध ४९ अशी पुढे होती. गोंधळामुळे ते शेवटचे तीन सेकंद पुन्हा खेळविण्याचे ठरले. पण घड्याळ योग्य ठिकाणी आणण्यापूर्वीच खेळ सुरू करण्यात आला, म्हणून ते आणखी एकदा खेळवावे लागले. त्या शेवटच्या खेपेस सोव्हिएत संघाने गुण मिळवून ५१ विरुद्ध ५० असा विजय संपादिला. अमेरिकेच्या खेळाडूंनी आपली रौप्यपदके स्वीकारली नाहीत. घड्याळ होते, त्यावरील माणसांचा मेळ नव्हता.

आपल्या देशी खेळांनाही ही दृष्टी परकी नाही. हुतूतूत चढाई करणाऱ्याचा दम हेच घड्याळ होते आणि तो दम तुटला की नाही, हे पंचाच्या कानांनी ठरवावयाचे असे. आज कबड्डीच्या चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आली, तरी दमावरचे लक्ष सुटलेले नाही. खानदेशातून सुरतेस येऊन उधना-लिंबायत भागात स्थिरावलेल्या कुटुंबांतील वडीलधाऱ्यांना या खेळातील दमाचे महत्त्व नव्याने सांगावयास नको.

आमचे स्पष्ट मत असे की, पंचगिरीचे हे शिक्षण शाळेतच मिळावे. वर्गावर्गांच्या सामन्यांत प्रत्येक विद्यार्थ्याने आळीपाळीने एकदा तरी वेळ मोजण्याचे काम करावे. त्याची तयारी खर्चाची नाही. एक मीटर लांबीच्या दोरीला दगड बांधून हलका झोका दिला, तर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाण्यास त्याला जवळजवळ नेमका एक सेकंद लागतो. त्या झोक्याबरोबर मोजण्याचा सराव करावा; मग घड्याळाकडे पाठ करून साठ आकडे मोजावेत आणि मिनिट कोठे भरले ते मित्राने सांगावे. नंतर मैदानाला दोन फेऱ्या धावून, धापा टाकीत असता, तेच पुन्हा करून पाहावे. आपण किती घाई करतो, हे प्रत्येकास आपोआप कळून येईल.

प्रेक्षकांनीही एक पथ्य पाळावे. प्रतिपक्षाच्या हाती चेंडू असता ‘तीन, चार, पाच!’ असा भरभर गजर करून पंचाची लय मोडणे, हे आपल्या संघावरील प्रेम नव्हे. तबल्याचा ठेका बिघडविणारा श्रोता जसा गायकाचा मित्र नसतो, तसाच हा प्रेक्षक खेळाचा मित्र नव्हे.

आपल्या संघाच्या हाती चेंडू असो वा प्रतिपक्षाच्या, ज्याचे पाच आकडे सारख्याच लांबीचे असतात, तोच खरा पंच. असे सारखे मोजण्याची सवय शालेय वयात जडली, तर ती मैदानाबाहेरही, जेथे जेथे दोघांमध्ये निवाडा करण्याची वेळ येईल तेथे तेथे, उपयोगी पडल्यावाचून राहणार नाही.