विंडोज १० गेलं, जुन्या कॉम्प्युटरचा आवाजही गेला? आधी हा कोड बघा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, ते बऱ्याच जुन्या मशीनमध्ये नाही. मग काही जण फॉरमॅट मारून बघतात आणि स्पीकरच्या चिन्हावर लाल फुली येते. ‘साउंड कार्ड गेलं, नवीन घ्या’ हा सल्ला तयारच असतो.

थांबा. डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळ्या खुणेसोबत ‘मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर’ दिसतंय? म्हणजे विंडोजला हार्डवेअर सापडलंय, फक्त ओळखता येत नाहीये. (काहीच दिसत नसेल, तर बायोसमध्ये ऑडिओ बंद आहे का ते पाहा.)

आखाडा बाळापूरसारख्या गावात असेंबल केलेला डेस्कटॉप असेल, तर डब्यावर मॉडेलच नसतं. तिथे हा कोड कामाला येतो. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, मग हार्डवेअर आयडीज. ‘व्हीईएन’नंतरची चार चिन्हं म्हणजे कंपनी: १०ईसी रियलटेक, ११०६ व्हीआयए. ‘डीईव्ही’नंतरची चार म्हणजे मॉडेल.

८०८६ दिसलं तर मात्र फसाल. तो इंटेलचा नंबर, पण तो चिपसेटचा. आवाजाची चिप दुसऱ्याच कंपनीची असू शकते. अशा वेळी मदरबोर्डवर छापलेलं नाव वाचा आणि त्या कंपनीच्या साइटवरूनच ड्रायव्हर घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’वाली सॉफ्टवेअर टाळाच, सोबत नको ते प्रोग्रॅम घुसतात.

जुळणारा ड्रायव्हर नाहीच मिळाला, तर साधं यूएसबी साउंड कार्ड लावा. नव्या कॉम्प्युटरपेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं.