मटक्याची चिठ्ठी, मोबाईलची लिंक

कोलशेतला सँडोझचा, पुढे क्लॅरियंटचा कारखाना होता. आता तिथे टॉवर आहेत, आणि वस्तीतल्या पोरांना गेटवरची कंत्राटी नोकरी. त्यामुळे ‘खेळून हरण्यापेक्षा लिंक टाकून कमव’ हे त्यांना पटतं, याचं आम्हाला नवल नाही.

पण या ‘अफिलिएट करिअर’चा हिशेब बघा. लिंकवरून आलेला माणूस जितका हरेल, त्यातला काही टक्का साधारणपणे आपला. तो जिंकला तर आपल्याला काही नाही! कल्याणजी भगत, रतन खत्री यांच्या काळात मटक्याच्या चिठ्ठ्या लिहिणाराही कमिशनवरच जगायचा. धाड पडली की आधी तोच सापडायचा, मालक नाही.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या कायद्यातही खेळणाऱ्याला शिक्षा नाही. पैशांच्या खेळाची जाहिरात करणाऱ्याला मात्र २ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कंपनी कुठल्यातरी परदेशी बेटावर, पोरगा कोलशेतात.

आणि लिंक जाते कुठे? जयंतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, मावसभावाला, नाक्यावरच्या रिक्षावाल्याला. सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी जुगाराचे सहा तोटे सांगितले, त्यात धनहानी आहे, तसंच सभेत शब्दाला किंमत न राहणंही आहे. म्हणून ग्रुपवर लिंक टाकणाऱ्याला आम्ही सगळ्यांसमोर विचारतो: भावा, गेल्या महिन्याचं कमिशन कोणाच्या घरून आलं?