आग्र्याची घाई, पानिपतचा विसर

रजा-प्रवास सवलतीवर दिल्लीस गेलेल्या मराठी कारकुनाच्या वा शिक्षकाच्या हाती एक दिवस उरला की तो आग्र्याची बस पकडतो. जाऊन-येऊन ४०० किलोमीटर. वाटेत मथुरा उरकायची, ताजमहालापाशी तास-दीड तास आणि अपरात्री परत! त्यातून शुक्रवार असला तर ताज बंदच. आग्र्यास मुक्कामानेच जावे. एका दिवसात खरोखर पाहून होण्याजोगे पानिपत दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरांवर आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठी सैन्याचा जेथे संहार झाला, त्या रणभूमीवर काला अंबचा स्मृतिस्तंभ उभा आहे. उठल्यासुटल्या ‘पानिपत झाले’ म्हणणाऱ्यांनी तिकडे फिरकूही नये, याला काय म्हणावे? सकाळच्या गाडीने निघालेला प्रवासी इब्राहिम लोदीची कबरही पाहून सायंकाळी दिल्लीत परततो.